निधर्मी अंत्यविधी व अंत्यकालीन आधार (जालना जिल्हा)

कर्मकांड नाकारणाऱ्या व्यक्तीस मरणसमयी, आणि तिच्या पश्चात कुटुंबियांस, धर्मविधीवाचून दिला जाणारा आधार. निर्मिकास (सृष्टिकर्त्यास) मानणाऱ्या जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने (१८७३) पुरोहितावाचून विधी रूढ करून याची वाट महाराष्ट्रात मोकळी केली. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांचा देहदानाचा संकल्प, २०१३ मधील हत्येनंतर शवविच्छेदन अटळ ठरल्याने, सिद्धीस गेला नाही. तेव्हा साताऱ्यात धर्मविधीविना कन्या मुक्ता यांनी चितेस अग्नी दिला व रक्षा शेतात विखुरण्यात आली. मृताची इच्छा जगजाहीर असूनही तेराव्याच्या प्रश्नावर त्याची पत्नी व मुले भावकीपुढे एकाकी पडतात, हीच या विषयातील खरी अडचण होय; म्हणून अशा वेळी घरी येऊन बसणारा समविचारी स्नेही कोणत्याही दस्तऐवजाहून मोलाचा ठरतो. तथापि दस्तऐवजही हवाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निवाड्याने मान्य केलेले, अंत्यकाळी नको असलेले उपचार नाकारणारे वैद्यकीय इच्छापत्र, २०२३ च्या दुरुस्तीनुसार, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. देहदान वैद्यकीय महाविद्यालयास केले जाते; जालना जिल्ह्यात असे शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते.