कपाशी आणि जनुकांची कळ

महागांवच्या शिवारांतील कपाशीच्या पानांत आणि बोंडांत जनुकें तींच असतात. मग पानांत रुई कां धरत नाहीं? कारण प्रत्येक पेशींत कांहीं जनुकें जागीं असतात, कांहीं निजलेलीं. ही कळ कशी चालते, हें पॅरिसच्या फ्रांस्वा जाकोब व जॅक मोनो यांनीं १९६१ सालीं उलगडलें. आंतड्यांतील एक जंतु दुधांतील साखर मिळाली तरच ती पचविणारें द्रव्य निर्माण करतो. एरवीं एक रोधक प्रथिन त्या जनुकांची वाट अडवून बसतें.

२००२ सालीं भारतांत मान्यता मिळालेल्या बीटी कपाशींत मातींतील एका जंतूचें अळीमारक जनुक घातलेलें होतें. तें सदैव जागें राहावें म्हणून त्याला फुलकोबीच्या विषाणूची कळ जोडली होती. परंतु नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंतील केशव क्रांती व त्यांचे सहकारी यांना २००५ सालीं निराळेंच दिसलें. मारक द्रव्य पानांत पुष्कळ, पण अळी जें पोखरते त्या हिरव्या बोंडाच्या सालींत अल्प. आणि सुमारें ११० दिवसांनंतर तें अपुरें पडे.

मृगांत पेरलेली कपाशी दसऱ्याच्या आगेमागें या वयास पोंचते. बियाणें विकत मिळतें, कळ मात्र शेतकऱ्याच्या हातीं येत नाहीं. म्हणून त्यानें बोंड स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें सोडूं नये.