जाळीबंद आवार (परसातील कुक्कुटपालन)

परसात पाळलेल्या कोंबड्यांना दिवसा हिंडता-फिरता यावे आणि त्याच वेळी शिकारी प्राणी व रानपक्षी यांच्यापासून त्यांचे रक्षण व्हावे, यासाठी खुराड्याला जोडून उभारलेल्या व वरूनही बंद केलेल्या जागेला जाळीबंद आवार असे म्हणतात. खुराडे रात्रीच्या निवाऱ्यासाठी, तर आवार दिवसाच्या वावरासाठी असते. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत काळी माती, कडक उन्हाळा आणि बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव या तीन कारणांनी आवाराच्या बांधणीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील खेड्यांत कोंबड्या सकाळी मोकळ्या सोडून सायंकाळी डालण्याची रीत जुनी आहे. 'डालणे' म्हणजे डालग्याखाली, अर्थात उपड्या टोपलीखाली झाकून ठेवणे. 'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' या म्हणीत याच रीतीचा संदर्भ आहे. परसातील अंडी व कोंबड्या यांच्या विक्रीतून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती राहतो. त्यामुळे एका रात्रीत पाच-सहा कोंबड्या गेल्यास भूमिहीन वा अल्पभूधारक कुटुंबाला ती हानी मोठी ठरते.

बंगळूर येथील कृषी विज्ञान विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराज आणि हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज या जाती परसातील पालनासाठी प्रचलित आहेत. या कोंबड्या गावरान कोंबड्यांपेक्षा वजनदार असून त्यांना चटकन उडून वा पळून जीव वाचवता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी आवाराची गरज अधिक असते.

धोके

मोकाट कुत्री, बोके, मुंगूस, रानमांजर व कोल्हा हे कोंबड्यांचे प्रमुख शत्रू होत. घार, शिक्रा व कावळा पिल्ले उचलतात. घुशी जमीन पोखरून आत शिरतात, तर नाग व धामण पिल्लांच्या व अंड्यांच्या मागावर येतात. मुंगूस व रानमांजर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारणे, सापळ्यात पकडणे वा विष घालणे हा गुन्हा ठरतो. म्हणून शत्रूला मारण्याऐवजी त्याची वाट बंद करणे हाच योग्य उपाय होय.

बांधणी

आवारात प्रत्येक कोंबडीमागे सुमारे १० चौरस फूट जागा असावी. दहा कोंबड्यांना १० फूट लांब व १० फूट रुंद आवार पुरते. माणसाला आत उभे राहून झाडलोट करता यावी यासाठी उंची ६ फुटांच्या आसपास ठेवतात.

बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, परंतु कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, कारण ती दातांनी व नखांनी फाटते. म्हणून निदान खालच्या ३ फुटांपर्यंत अर्धा इंच छिद्रांची वेल्डची जाळी लावावी. ही जाळी जमिनीपाशी संपवू नये. ती बाहेरच्या बाजूस काटकोनात दुमडून १ ते दीड फूट रुंदीची पट्टी मातीखाली पुरावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरतो आणि या पट्टीवर अडतो.

काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खांब हलतात आणि जाळीखाली फटी पडतात. यासाठी खांबांचे खड्डे किमान २ फूट खोल घेऊन त्यांत मुरूम व दगड ठासून भरतात. लाकडी खांबांच्या बुडांना वाळवी लागू नये म्हणून डांबर लावतात. दाराखाली दगडी उंबरठा किंवा शहाबादी फरशी बसवावी. दाराला वर व खाली अशा दोन कड्या असाव्यात.

ऊन व पाऊस

एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कोंबड्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्या चोच उघडी ठेवून धापा टाकत अंगातील उष्णता बाहेर टाकतात. आवाराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कमी शिरते. पत्र्यावर कडबा, तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरल्यास आतील उष्मा घटतो. एका मोठ्या कोंबडीला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते. उन्हाळ्यात ही गरज दुपटीपर्यंत वाढते. पावसाळ्यात आत चिखल होऊ नये म्हणून आवाराची जमीन मुरमाने उंच करून घेतात.

बर्ड फ्लू

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये, तर जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. हा रोग रानपक्ष्यांच्या विष्ठेतून व स्रावांतून पसरू शकतो. जाळी पक्ष्याला अडवते, पण त्याची विष्ठा जाळीतून खाली पडते. म्हणून निदान खाद्य व पाण्याच्या भांड्यांवर तरी पत्र्याचे छप्पर आवश्यक आहे. प्रादुर्भाव निश्चित झाल्यास केंद्राच्या कृती आराखड्यानुसार १ किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट केल्या जातात. त्यांत परसातील निरोगी कोंबड्याही येतात. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी भरपाईची तरतूद आहे. पक्षी अचानक मरू लागल्यास त्यांना उघड्या हातांनी न शिवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मर्यादा

मोकळ्या कोंबड्या किडे, तण व सांडलेले धान्य वेचून पोट भरतात. आवारात त्यांना हे मिळत नसल्याने खाद्याचा खर्च वाढतो. आवार लसीकरणाला पर्याय नाही. मानमोडी रोगाविरुद्धची लस वेळेवर द्यावीच लागते. अनेक कुटुंबांना संपूर्ण आवाराचा खर्च पेलत नाही. अशा वेळी पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत लहान जाळीबंद जागेत वाढवणे आणि मोठ्या कोंबड्यांसाठी निदान रात्रीचे खुराडे भक्कम करणे, हा मध्यम मार्ग उपयुक्त ठरतो.