साक्षीला बसा

बूट काढू नका, जमीन मातीची आहे. भिंतीकडेला बसा, जाळाची धग पुरेल.

डिसेंबर १९२१. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हिलेज आयलंड हे बेट. तिथल्या मूळनिवासी क्वाक्वाकावाक्व लोकांच्या पॉटलॅच समारंभावर १८८५ पासून सरकारी बंदी आहे आणि डॅन क्रॅनमर यांनी नेमका तोच मांडलाय. जागा आडवळणाची, दिवस वादळाचे; सरकारी नजर चुकवायला दोन्ही सोयीचंच. तुम्हीही आता कायदा मोडलाय.

गाणारे ओंडक्यावर काठ्या बडवू लागतात. पडद्यामागून डोमकावळा येतो. चोच माणसाच्या हाताहून लांब, काळी, कडेला तांबडी. मुखवट्याखाली सीडरच्या सालीच्या झिरमिळ्या खांद्यांवर सळसळतात. नाचणारा उकिडवा बसतो, मान तिरकी करतो, दोरी खेचतो. खटाक्! चोच मिटली. शेजारचं पोर आईला बिलगतं. तो तुमच्यासमोरून वळताना आतलं कोरं सीडर क्षणभर दिसतं, वाकसाचे घाव तसेच ठेवलेले. रंगरंगोटी फक्त बाहेरून.

टाळ्या वाजवू नका. कौतुकासाठी कुणी बोलावलेलं नाही. हा मुखवटा, हे गाणं, हा नाच कोणत्या घराण्याचा, ते पाहून ध्यानात ठेवायला बोलावलंय. इथला सातबारा तो हाच. म्हणून तर पिठाची पोती, शिवणयंत्रं, होड्या वाटल्या जातात. ही साक्षीची बिदागी. सरकारला यात निव्वळ उधळपट्टी दिसते. ज्याला मोठेपणा साठवण्यात वाटतो, त्याला वाटून मोठं होणारा माणूस कळणार तरी कसा?

सरकारी एजंट विल्यम हॅलिडेला बातमी लागेल. ४५ जणांवर खटले होतील: कुणी नाचलं, कुणी भाषण केलं, कुणी भेटी पोचवल्या! मुखवटे आणून द्या, शिक्षा तहकूब करतो, असा सौदा पुढे येईल. तरीही वीसेक जण ओकाला नावाच्या तुरुंगात जातील. मुखवटे अलर्ट बेच्या चर्चच्या हॉलमध्ये मांडले जातील, मग ओटावा, टोरांटो, न्यूयॉर्क. काही तर हॅलिडे स्वतःच विकेल.

बंदी १९५१ साली कायद्यातून गेली. मुखवटे मात्र भांडून परत मिळवावे लागले. त्यांतले बरेच आज अलर्ट बेला, १९८० मध्ये उघडलेल्या उमिस्ता सांस्कृतिक केंद्रात आहेत. तिथे ते काचेच्या कपाटात ठेवलेले नाहीत; फार वर्षं कोंडून ठेवले होते म्हणून.