खुन्याचें शब्दचित्र

इ. स. १८८८ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत पांच दरिद्री स्त्रियांचे निर्घृण खून झाले. जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरूनच ओळखूं येतो, असें इटालियन पंडित लोंब्रोझो यांनीं त्यापूर्वीं बारा वर्षें प्रतिपादिलें होतें. पोलीस-सर्जन डॉ. टॉमस बाँड यांनीं मात्र १० नोव्हेंबर रोजीं वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत निराळेंच चित्र रेखाटलें. पांचही कृत्यें एकाच हातचीं असून, हा इसम बळकट व धाडसी, परंतु दिसण्यांत शांत, निरुपद्रवी आणि नीटनेटक्या पोषाखाचा असावा! पांचांपैकीं एकच प्रेत त्यांनीं स्वतः तपासलें होतें. बाकीचें अनुमान टिपणांवरून केलें. खुनी सांपडला नाहीं, त्यामुळें या चित्राचा निवाडाही झाला नाहीं.

तथापि आम्हांस पत्राचा अखेरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. हा मनुष्य कदाचित् प्रतिष्ठितांत राहत असेल, त्यांस संशयही येत असेल. पण त्रास व बोभाटा यांच्या भयानें ते पोलिसांस कळविणार नाहींत. बक्षीस लावल्यास कदाचित् बोलतील, असें डॉक्टरांनीं लिहिलें. खुन्याचें चित्र काढतां काढतां त्यांनीं शेजाऱ्यांचेंही काढलें. आणि तें ओळखावयास आम्हांस लंडनास जाण्याचें कारण नाहीं.