छंद, दूरस्थ खरेदी आणि कार्डाची जोखीम : पुणे शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचा विचार सामान्यतः बँक व्यवहार, माहिती तंत्रज्ञान किंवा कायदा या विषयांच्या चौकटीत केला जातो. मात्र या प्रश्नाला एक जुना इतिहासही आहे. ग्राहक आणि विक्रेता एकमेकांसमोर नसताना होणाऱ्या खरेदीत विश्वासाचा आणि नुकसानीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न कार्डाच्याही आधीपासूनचा आहे. छांदिष्टांच्या बाबतीत तो अधिक तीव्रतेने जाणवतो. नेहमीच्या गरजेची वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. जुनी नाणी, टपाल तिकिटे, दुर्बिणीची भिंगे, शाईपेनांचे सुटे भाग किंवा दुर्मीळ ध्वनिमुद्रिका मात्र दूरवरच्या आणि बहुधा अनोळखी माणसाकडूनच घ्याव्या लागतात. पुणे शहरातील अशा खरेदीचा प्रवास हातोहात व्यवहारापासून कार्डापर्यंत कसा झाला आणि त्यात जोखीम कोणाकडे सरकत गेली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पुण्यातील संग्राहक परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, वाद्ये, भांडी, दरवाजे अशा वस्तू जमविण्यास आरंभ केला. १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून ओळखला जातो. त्यांच्या खरेदीची पद्धत येथे महत्त्वाची आहे. गावोगाव स्वतः हिंडावे, वस्तू हातात घेऊन पारखावी, घासाघीस करावी आणि रोख पैसे मोजावेत. मंगळवार पेठेतील बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नाणी आणि जुनी यंत्रे धुंडाळणारा पुणेकर हीच पद्धत पाळत आला आहे. या व्यवहारात फसवणूक होत नसे असे नाही. खोटे नाणे गळ्यात बांधले जाण्याची शक्यता कायमच असते. परंतु नुकसानीची मर्यादा ठरलेली असे. खिशातून जेवढे पैसे गेले, तेवढेच गेले. विकणाऱ्याला ग्राहकाच्या उरलेल्या पैशांकडे जाण्याची वाट नव्हती.

दूरच्या खरेदीसाठी भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पद्धत, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची व्ही.पी.पी., सुरू केली. या पद्धतीत पार्सल दारात आल्यावर ग्राहक पोस्टमनच्या हाती रक्कम देई आणि टपाल खाते ती विक्रेत्याकडे पोहोचवी. पुस्तके, बियाणे, औषधे आणि छंदाच्या वस्तू मागविण्याचा हा मार्ग महाराष्ट्रात कित्येक पिढ्या रुळला. पार्सल फोडण्यापूर्वीच पैसे द्यावे लागत असल्याने आत रद्दी निघाल्याच्या तक्रारी होत. खऱ्या मागणीवरूनच माल पाठविला आहे, असे प्रेषकाकडून लिहून घेण्याची तरतूद नियमांत होती, यावरूनच गैरवापराची कल्पना येते. तथापि या रचनेत एक तटस्थ सरकारी खाते दोहोंमध्ये उभे होते आणि ग्राहकाला आपली कोणतीही गुप्त खूण विक्रेत्यास सांगावी लागत नव्हती. नाव आणि पत्ता पुरेसा असे.

कार्डाने हा क्रम उलटविला. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये 'सेंट्रल कार्ड' आणले, तेव्हा कार्ड प्रत्यक्ष दुकानात दाखवावयाचे, त्याचा ठसा उमटवावयाचा आणि सही करावयाची अशी रीत होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर हळूहळू दुकान पडद्यावर आले आणि कार्ड मात्र घरीच राहिले. सही, ठसा आणि चेहरा या तिन्ही गोष्टी व्यवहारातून गळाल्या. उरला तो सोळा आकड्यांचा क्रमांक. हान्स पीटर लून या अभियंत्याने १९५० च्या दशकात शोधलेल्या सूत्रानुसार या क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून पडताळता येतो. परंतु हे सूत्र लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी आहे, चोर पकडण्यासाठी नव्हे. खरा दोष असा की, हा क्रमांक गुप्त ठेवावयाचा आणि तरीही प्रत्येक दुकानाला सांगावयाचा! दहा दुकानांत खरेदी केलेल्या ग्राहकाचे गुपित दहा ठिकाणी साठविले जाई आणि त्यांतील सर्वांत निष्काळजी दुकानदाराइतकेच ते सुरक्षित असे.

याची प्रचिती जगाला लवकरच आली. अमेरिकेतील 'सीडी युनिव्हर्स' या संगीतप्रेमींच्या ऑनलाइन दुकानातून सुमारे तीन लाख कार्डांचे तपशील चोरल्याचा दावा 'मॅक्सिम' हे टोपणनाव घेणाऱ्या व्यक्तीने केला आणि एक लाख डॉलरची खंडणी मागितली. ती न मिळाल्याने जानेवारी २००० मध्ये हजारो क्रमांक उघड करण्यात आले. या घटनेतील ग्राहकांनी कोणतीही चूक केली नव्हती. त्यांनी केवळ आवडीची गाणी विकत घेतली होती.

भारतातील आरंभीचे गाजलेले प्रकरण नोएडा येथील आहे. परदेशस्थ भारतीयांनी मायदेशातील आप्तांना वस्तू भेट पाठवाव्यात यासाठी सोनी कंपनीचे एक संकेतस्थळ होते. मे २००२ मध्ये त्यावर एका अमेरिकन महिलेच्या नावे रंगीत दूरचित्रवाणी संच आणि बिनतारी हेडफोनची मागणी नोंदली गेली. कार्ड कंपनीने व्यवहार मान्य केला, वस्तू नोएडातील तरुणाला पोहोचली आणि पोच म्हणून त्याचे डिजिटल छायाचित्रही घेण्यात आले. सुमारे दीड महिन्याने खऱ्या कार्डधारकाने व्यवहार नाकारला. कॉल सेंटरमध्ये काम करताना आरोपीने ग्राहकाच्या कार्डाचे तपशील मिळविले होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला आणि २००३ मध्ये न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या ४१८, ४१९ व ४२० या कलमांखाली त्यास दोषी ठरविले. वय चोवीस आणि पहिलाच गुन्हा असल्याने त्याची एक वर्षाच्या परिवीक्षेवर मुक्तता झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अस्तित्वात असूनही शिक्षा झाली ती १८६० च्या दंड संहितेखाली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

पुण्याचे नाव या इतिहासात प्रथम ठळकपणे आले ते एप्रिल २००५ मध्ये. एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळविले. हे प्रकरण कार्डखरेदीचे नव्हे, खात्यांचे होते. तरीही त्यातील धडा तोच आहे. येथे कोणतेही कुलूप फोडले गेले नव्हते. मोठ्या सुरक्षा व्यवस्थेच्या आत बसलेल्या माणसाने सांगितलेले गुपित ऐकले, इतकेच. निवृत्तांचे आणि विद्यार्थ्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला आपण आता जगाच्या पैशांच्या वाहतुकीच्या मार्गावर बसलो आहोत, याची जाणीव या घटनेने करून दिली.

दरम्यान छंदाच्या खरेदीने वेगळे वळण घेतले होते. 'बाझी डॉट कॉम' हे लिलावाचे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबे कंपनीने विकत घेतले आणि नाणी-तिकिटांच्या संग्राहकांची तेथे वर्दळ वाढली. ईबे इंडियाच्या 'पैसापे' व्यवस्थेत ग्राहकाची रक्कम मध्येच थांबवून मग विक्रेत्याला दिली जाई. पोस्टमनची जुनी भूमिका नव्या रूपात परत आली असे म्हणावयास हरकत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडियाचे हे संकेतस्थळ बंद झाले. २००७ मध्ये पुस्तकविक्रीने आरंभ केलेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये घरपोच रोख भरण्याची सोय दिली, तीही व्ही.पी.पी.चीच नवी आवृत्ती होती. भारतीय ग्राहक कार्डाला बुजतो, असे त्या काळी हेटाळणीने म्हटले जाई. वस्तुतः शतकाहून अधिक काळाच्या अनुभवाने शिकविलेला तो सावधपणा होता आणि तो मागासलेपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे आहे.

नियमनाच्या इतिहासात १८ फेब्रुवारी २००९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकास विशेष महत्त्व आहे. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी बंधनकारक झाली. कार्डावर न छापलेली एखादी गोष्ट, प्रथम संकेतशब्द आणि पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी, दिल्याशिवाय व्यवहार पुरा होईना. अनेक प्रगत देशांनी ग्राहकाच्या सोयीसाठी जे टाळले, ते भारताने व्यापाऱ्यांच्या नाराजीला न जुमानता केले. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा खरा क्रमांक साठविण्यास मनाई झाली आणि त्याजागी त्या दुकानापुरताच चालणारा 'टोकन' आला. एकच गुपित दहा ठिकाणी साठण्याचा मूळ दोष देशांतर्गत व्यवहारांपुरता यामुळे दूर झाला.

परंतु छांदिष्टाची अडचण येथेच सुरू होते. त्याचे दुकान पुष्कळदा देशाबाहेर असते. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था. एके काळी दुर्बिणीचा आरसा हाताने घासणे हा या छंदाचाच भाग होता, आणि आयुकानेही दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या. आज विशिष्ट नेत्रिका किंवा गाळणी हवी असल्यास परदेशी दुकानाकडेच वळावे लागते. २००९ चा नियम भारतीय बँकांना आणि भारतीय दुकानांना बांधतो. जर्मनीतील किंवा अमेरिकेतील एखाद्या कौटुंबिक दुकानास तो लागू नाही. तेथे क्रमांक, मुदत आणि मागील तीन अंक एवढ्यावर व्यवहार पार पडू शकतो. अशी लहान दुकाने तयार आज्ञावलींवर चालतात आणि त्या वेळेवर अद्ययावत करणारा तज्ज्ञ त्यांच्याकडे क्वचितच असतो. २०१५ नंतरच्या काळात 'मेजकार्ट' या नावाने ओळखल्या गेलेल्या टोळ्यांनी दुकानाच्या पैसे भरण्याच्या पानातच चोर आज्ञावली पेरण्याची रीत रूढ केली. ग्राहक टंकित असतानाच तपशील चोराकडे जातात आणि वस्तूही यथाकाल घरी येते. त्यामुळे संशयाला जागाच राहत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजसारखी बलाढ्य कंपनीही यातून सुटली नाही आणि २०२० मध्ये तिला दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

त्याच २०१८ साली पुण्याने याहून मोठा आघात अनुभवला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केली. ११ ऑगस्ट रोजी नकली कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण हानी ९४ कोटींच्या वर होती. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरविले. व्यक्तिगत सावधगिरीचे कितीही पाठ दिले तरी कार्डाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग ग्राहकाच्या हाताबाहेर असतो, हे या घटनेइतके स्पष्ट अन्यत्र दिसत नाही.

मग नुकसान कोणाचे? ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने याचे उत्तर दिले. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागल्यास जबाबदारी मर्यादित, म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डास दहा हजार रुपये. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला, ही तर मोठीच सुधारणा. मात्र या संरक्षणाची कड छांदिष्टाने नीट ओळखली पाहिजे. ते 'अनधिकृत' व्यवहारापुरते आहे. दुर्मीळ तिकीट निम्म्या किमतीत देऊ करणाऱ्या खोट्या दुकानात त्याने स्वतः ओटीपी टाकून पैसे भरले, तर तो व्यवहार अधिकृत ठरतो. तेथे उरतो तो वस्तू न मिळाल्याबद्दल कार्ड कंपनीच्या नियमांनुसार दाद मागण्याचा मार्ग, आणि त्याला मुदत असते. परदेशी पार्सलची महिना-दोन महिने वाट पाहण्याची सवय असलेला संग्राहक ही मुदत वाट पाहण्यातच घालवितो. खोटे दुकानदार 'माल निघाला आहे' असे कळवीत राहतात ते याच हिशेबाने.

१६ मार्च २०२० पासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानांतील वापरासाठीच चालू करून देण्याचा आणि ऑनलाइन व परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू-बंद करण्याचा नियम आहे. व्यवहाराची कमाल रक्कमही तो ठरवू शकतो. खरेदीपुरती ही खिडकी उघडून पुन्हा लावून घेणे, हे जुन्या बाजारात मोजकेच पैसे खिशात घेऊन जाण्यासारखे आहे. परदेशी दुकानांच्या बाबतीतील मूळ उणिवेकडे रिझर्व्ह बँक वळली ती २०२५ मध्ये. परदेशी विक्रेत्याने किंवा त्याच्या बँकेने मागणी केल्यास भारतीय कार्डाची अतिरिक्त पडताळणी करून देणारी यंत्रणा बँकांनी उभारावी, असे त्या वर्षीच्या निर्देशांत म्हटले असून त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठेवण्यात आली. मागणी करावयाची की नाही, हे मात्र त्या दूरच्या दुकानदाराच्याच मर्जीवर सोपविलेले आहे.