कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे

भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या दुचाकी गॅरेजांत एक मत आता इतके रुजले आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही. चेक लाइट पेटली की स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव येईल तो सेन्सर बदलायचा. लाइट विझली तर काम झाले, नाही विझली तर ईसीयू गेला. मेकॅनिक हे मानतात, गाडीमालक मानतात आणि दिवसभर असेंब्ली लाइनवर गाड्या जोडणारे, सुट्टीच्या दिवशी स्वतःची जुनी गाडी उघडून बसणारे कामगार मित्रही मानतात. मला हे मत चुकीचे वाटते. पूर्ण उघडून पुन्हा जोडलेल्या गाडीच्या बाबतीत तर ते घातक आहे.

खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोरकट नाही. त्याचा पहिला आधार असा: ज्या अभियंत्यांनी ईसीयू घडवला त्यांनीच कोड ठरवले, मग मेकॅनिकने त्यांच्याहून शहाणे का व्हावे? दुसरा आधार अनुभवाचा आहे. सेन्सर बदलल्यावर गाडी सुधारलेली अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिसरा व्यवहाराचा आहे, आणि तो सर्वांत प्रामाणिक. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, शोधाचे देत नाही. दोन तास मल्टीमीटर घेऊन बसलेल्या माणसाची मजुरी बिलात कोणत्या नावाने लिहायची?

आता एकेक आधार तपासू.

अभियंत्यांनी कोड कशासाठी ठरवले, हे आधी पाहू. ही सगळी व्यवस्था दुरुस्तीच्या सोयीसाठी जन्मलेली नाही. ती धुराच्या कायद्यातून आली. कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने १९८८ सालच्या मॉडेलांपासून मोटारींमध्ये स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना तिची दुसरी आवृत्ती लागू झाली. आपल्याकडे दुचाकींना ती १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ बरोबर आली; पुढचा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये. पहिल्या टप्प्यात कायद्याने ईसीयूकडून मुख्यतः काय मागितले? सेन्सरांची सर्किट तुटली आहेत का, शॉर्ट झाली आहेत का, येणारे आकडे शक्यतेच्या कोटीतले आहेत का, एवढेच. सर्किट म्हणजे एकटा सेन्सर नव्हे. सेन्सर, त्याचा कपलर, कपलरमधली पिन, तिथून ईसीयूपर्यंतची वायर, ईसीयूचा कपलर आणि अर्थिंग, या सगळ्यांचे मिळून सर्किट होते. ज्या अभियंत्यांचा दाखला देऊन सेन्सर बदलला जातो, त्यांनी सेन्सर खराब आहे असे म्हटलेलेच नाही. त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही क्रम ठरलेला असतो: आधी कपलर, मग वायर, मग व्होल्टेज, मग सेन्सर आणि अगदी शेवटी ईसीयू. आपण मॅन्युअलचे शेवटचे पान आधी वाचतो आणि वर त्याचाच हवाला देतो.

उदाहरण घेऊ. पी०१२२ हा कोड थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा. त्याचा अर्थ एवढाच की सेन्सरकडून येणारे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आहे. या सेन्सरला ईसीयू ५ व्होल्ट पुरवतो. थ्रॉटल बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट परत येतो आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या पुढे जातो. परत येणारे व्होल्टेज कमी का असेल? पाच व्होल्टची वायर तुटली असेल. परतीची वायर तुटली असेल, किंवा फ्रेमला टेकली असेल. कपलरमधली पिन मागे सरकली असेल. किंवा खरोखर सेन्सरची पट्टी झिजली असेल. एका कोडमागे इतके संशयित उभे आहेत. त्यातल्या सर्वांत महाग संशयिताला चौकशीविना शिक्षा, याला निदान म्हणायचे का?

चौकशी अवघडही नाही. कपलर काढा, चावी ऑन करा आणि पाच व्होल्ट येतात का ते मीटरवर पाहा. येत असतील तर वायरिंग डायग्राम पाहून तो पुरवठा एका बारीक वायरने परतीच्या पिनला जोडा. आता ‘व्होल्टेज कमी’ हा कोड जाऊन ‘व्होल्टेज जास्त’ हा पी०१२३ आला, तर वायरही ठीक आणि ईसीयूही ठीक. मग सेन्सर खुशाल बदला. कोड बदललाच नाही, तर नवा सेन्सर आणून काय होणार? तापमानाच्या सेन्सरची परीक्षा तर याहून सोपी. कपलर काढला की ईसीयूला इंजिन कडाक्याच्या थंडीत आहे असे वाटले पाहिजे, आणि कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या की ते उकळते आहे असे वाटले पाहिजे. दोन्ही टोके स्कॅनरवर दिसली की सर्किट निर्दोष ठरले. याला लागतो तो वायरचा एक तुकडा.

माझ्या पाहण्यातली एक गाडी सांगतो. पहिल्या पिढीची ड्यूक, चाकणलाच बनलेली, मालकाने फ्रेमपर्यंत सोडवून पुन्हा उभी केलेली. तिच्यावर दोन कोड एकदम आले: थ्रॉटल सेन्सरचे व्होल्टेज कमी आणि मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचे व्होल्टेज कमी. एका गॅरेजने दोन्ही सेन्सर बदलले. कोड तसेच. मग ईसीयूवर बोट गेले. दोन वेगळ्या भागांनी एकाच सकाळी जीव सोडावा हा योगायोग कोणाला खटकला कसा नाही? या दोन्ही सेन्सरांना ईसीयूकडून एकाच लाइनवर पाच व्होल्ट जातात. ती लाइन कुठेही फ्रेमला टेकली की दोघांचे व्होल्टेज एकदम बसते. टाकी उतरवली. मागच्या ब्रॅकेटखाली वायरिंग किट दाबले गेले होते. काळ्या टेपवर चमकदार धातूचा एक ओरखडा आणि त्याच्या आत तांबे उघडे पडलेली एक वायर. वायर सांधली, किट दोन बोटे बाजूला बांधले, दोन्ही कोड गेले. काढून टाकलेले जुने सेन्सर पुन्हा बसवून पाहिले. तेही उत्तम चालले.

पुन्हा जोडलेल्या गाडीचा मुद्दा मी वेगळा काढतो तो याचसाठी. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून २००१ पासून पल्सर, २०१२ पासून ड्यूक २०० आणि २०१३ पासून ड्यूक ३९० बाहेर पडत आल्या. लाइनवर प्रत्येक वायर ड्रॉइंगप्रमाणे जाते, प्रत्येक क्लिप ठरल्या जागी बसते. ईसीयूचे सगळे हिशेब हे गृहीत धरूनच रचलेले असतात. गाडी एकदा शेडमध्ये उघडली की ते गृहीतक संपले. आता स्वतःलाच विचारा: उघडण्यापूर्वी सेन्सर चालत होते ना? मग जोडणीत हात कशाकशाला लागले? कपलर ओढले गेले, वायरी वळल्या, अर्थिंगचे बोल्ट काढून पुन्हा लावले गेले. फडताळात पडून राहिलेला सेन्सर आपोआप मरत नाही. ज्याला हात लागला तोच पहिला संशयित. तर्काचा हा साधा नियम आहे.

हात लागलेल्या गोष्टींत सर्वांत दुर्लक्षित म्हणजे अर्थिंग. आपल्या पट्ट्यात पावडर कोटिंगची सोय हाताशी आहे, म्हणून उघडलेली प्रत्येक फ्रेम आधी तिथे जाते. फ्रेम देखणी होते यात शंका नाही. पण पावडर कोटिंग विजेला वाहू देत नाही, आणि अर्थिंगच्या बोल्टाखालची जागा झाकायला किंवा नंतर घासून उघडी करायला कोणी सांगत नाही. मग अर्थिंग जाते ते बोल्टाच्या आट्यांतून, जेमतेम. गाडी सुरू होते, लाइट लागतात, आणि सेल्फ मारताना किंवा पंखा चालू झाल्यावर भलतेच कोड येऊ लागतात. हे पकडायचे कसे? मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या केसिंगला, आणि मग सेल्फ मारा. दोन-तीन दशांश व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कच्चे. अशीच परीक्षा ईसीयूच्या अर्थिंगच्या पिनेवर घ्या.

इथे कोणी म्हणेल, “आम्ही कॉन्टिन्युइटी पाहतो, बीप येतो.” हा बीप मोठा फसवा आहे. त्यासाठी मीटर वायरीतून सुमारे एक मिलीअँपिअर करंट सोडतो. वीस-तीस ओहमचा अडथळा मध्ये असला तरी बरेचसे मीटर बीप देतात. गंजलेल्या पिनेत तीन ओहमचा अडथळा असेल तर बीप खणखणीत येईल. आता त्याच वायरीची दोन्ही टोके सोडवा आणि तिच्यातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पेटवा. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. बारातले तीन-चार व्होल्ट त्या पिनेतच खाल्ले जातात आणि बल्ब मंद पेटतो. डोळ्यांना दिसतो. काही रुपयांचा हा बल्ब, पण पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या वायरींबाबत महागड्या स्कॅनरला न कळणारी गोष्ट तो सांगतो. असे असताना गॅरेजात स्कॅनर नाही म्हणून हळहळायचे की बल्ब नाही म्हणून?

आता दुसरा आधार: सेन्सर बदलल्यावर गाडी सुधारली. हा पुरावा वरकरणी बिनतोड वाटतो. पण सेन्सर बदलताना आणखी काय झाले? कपलर ओढला गेला आणि पुन्हा दाबून बसवला गेला. त्या घर्षणाने पिनेवरचा गंज खरवडला जातो, सैल पिन काही काळ पकड घेते. पुढच्या पावसात तोच कोड परत येतो, आणि तोपर्यंत ‘नवा सेन्सर लोकल निघाला’ हे स्पष्टीकरण तयार असते. ज्याला सेन्सरच्या बदलाला श्रेय द्यायचे आहे त्याने जुना सेन्सर परत बसवून कोड परत येतो का, एवढे पाहावे. किती गॅरेजांत हे पाहिले जाते?

पुन्हा जोडताना चावी ऑन राहिली आणि एखादा कपलर सुटा होता, तर तेवढ्यावरही कोड नोंदला जातो. तो दोषाचा नव्हे, जोडणीचा इतिहास. बीएस-६ गाडीत सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर लाइट विझते, पण नोंद मात्र इंजिन निदान चाळीस वेळा गरम होऊन थंड होईपर्यंत राहते. म्हणून आधी सगळे कोड कागदावर उतरवायचे, मग पुसायचे, मग गाडी चालवून परत कोणते येतात ते पाहायचे. न लिहिता पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे.

एबीएसच्या कोडांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आले, आणि पुन्हा जोडलेल्या गाड्यांत चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड नित्याचा झाला. चाकाचे स्पेसर उलटसुलट बसले, दातेरी रिंग टायर बदलताना वाकली, सेन्सर आणि रिंग यांतले अंतर वाढले, की हाच कोड येतो. चाक उचलून हाताने एक फेरा फिरवा आणि फीलर गेजने ते अंतर तीन-चार ठिकाणी मोजा. गेज कुठे सैल, कुठे घट्ट गेला, की दोष रिंगमध्ये. आणि चावी ऑन केल्यापासून गाडी थोडी पळेपर्यंत एबीएसची लाइट पेटलेली राहते. ती तशीच राहायला हवी.

या वादात एक तिसरा पक्षही आहे. तो म्हणतो की इलेक्ट्रॉनिक्स हे हाताने तपासायचे कामच नव्हे, कार्ब्युरेटरच बरा. खुद्द बजाजनेही २००७ च्या पल्सर २२० डीटीएस-एफआयनंतर २००९ मध्ये कार्ब्युरेटर परत आणला होता. आणला होता, हे खरे, आणि ती गाडी स्वस्तही पडली. पण त्यातून इंजेक्शन तपासता येत नाही हे कसे सिद्ध होते? पाच व्होल्ट आहेत की नाहीत, हे मोजणे जेट साफ करण्यापेक्षा अवघड नाही. उलट जेट किती तुंबला आहे हे आकड्यात कधीच सांगता येत नव्हते.

सेन्सर खरेच मरतात, हे मला मान्य आहे. ऑक्सिजन सेन्सरचा हीटर जळतो, पिकअप कॉइल तुटते. ओहम मोजले, आकडा अनंत आला, भाग बदलला. याला माझी हरकत नाही. हरकत मोजण्याआधी बदलण्याला आहे.

उरला व्यवहाराचा आधार. शोधाचे पैसे कोण देणार? गाडीमालकांनो, तुम्ही. आज तुम्ही न लागलेल्या दोन सेन्सरांचे देता, त्यापेक्षा ते बरेच कमी आहेत. बिलात ‘इलेक्ट्रिकल तपासणी’ अशी ओळ मागा आणि तिच्याखाली आकडे मागा: सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज किती होते, अर्थिंगवर किती मिळाले, कपलरला पाच व्होल्ट पोचत होते का, कोणते कोड पुसल्यावर परत आले. बदललेला भाग परत मागा आणि तो कोणत्या मोजमापावर बाद ठरला ते विचारा. आणि मेकॅनिक मित्रांनो, हे आकडे लिहून देणाऱ्याने तपासणीची मजुरी ताठ मानेने मागावी. त्याने ती कमावलेली आहे.