पांडा विकत मिळतो तेव्हा

'झू टायकून' हा गेम नव्याने खेळणारा बहुधा एकाच वाटेने कंगाल होतो. हाती ठरावीक रक्कम असते आणि समोर प्राण्यांची यादी, प्रत्येकापुढे त्याची किंमत. तो पहिल्या झटक्यात सिंह घेतो, हत्ती घेतो. मग लक्षात येतं की कुंपण, झाडं, पाण्याचं डबकं आणि देखभाल करणाऱ्या माणसांचे पगार यांसाठी काही उरलेलंच नाही. प्राणी उदास होतात, प्रेक्षक पाठ फिरवतात आणि शिल्लक शून्याखाली जाते. 2001 साली ब्लू फँग गेम्स या अमेरिकन कंपनीने हा गेम बनवला आणि मायक्रोसॉफ्टने तो बाजारात आणला. प्राणिसंग्रहालय चालवण्याच्या खेळांचा एक अख्खा वंश पुढे त्यातून वाढला. पण प्राण्याला चिकटवलेली किंमत हा त्या वंशाचा कणा, आणि तो 2001 पेक्षा पुष्कळ जुना आहे.

त्याचं एक मूळ शाळेत सापडतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 1973 साली शाळांना संगणक उपलब्ध करून देण्यासाठी 'मेक' ही संस्था उभी राहिली. तिच्या 'लेमोनेड स्टँड' या गेममध्ये मुलांनी हवामान बघून किती पेले सरबत करायचं, जाहिरातीवर किती खर्च करायचा आणि पेला कितीला विकायचा हे ठरवायचं असे. याच संस्थेने 1993 साली 'डायनोपार्क टायकून' काढला. 'जुरासिक पार्क' चित्रपटही त्याच वर्षी आला. या गेममध्ये जमीन, कुंपण, खाणं आणि डायनासोर सगळंच हिशेबाने विकत घ्यावं लागे. कुंपणात काटकसर केली की डायनासोर पळून जाई, आणि मग नुकसान किती झालं ते शेवटच्या आकड्यात दिसे. पोरांनी आवक-जावक शिकावी एवढाच हेतू होता आणि तो छान साधला होता.

दुसरं मूळ जत्रेतलं. ब्रिटनच्या बुलफ्रॉग कंपनीचा 'थीम पार्क' 1994 साली आला. त्यातली एक युक्ती आजही जुने खेळाडू सांगतात. बटाट्याच्या तळलेल्या फोडींत मीठ वाढवायचं, म्हणजे गिऱ्हाइकांना तहान लागते आणि शेजारच्या ठेल्यावर शीतपेयं खपतात. 1999 साली ख्रिस सॉयर यांचा 'रोलरकोस्टर टायकून' आला. तिथे स्वच्छतागृहाला पैसे लावता येत आणि पाऊस पडू लागला की छत्री महाग विकता येई. पायवाट, प्रवेश फी, खाण्याचे ठेले, प्रेक्षकांचा खुशीचा आकडा हा सगळा साचा या खेळांनी पक्का केला.

'झू टायकून'ने तोच साचा उचलला आणि पाळण्याच्या जागी प्राणी बसवला. माझ्या मते या खेळांतली बरीचशी गडबड इथेच सुरू झाली. आकाशपाळणा एकदा विकत घेतला की मधूनमधून दुरुस्ती करायची, एवढंच. प्राण्याचं तसं नसतं. तो रोज खातो, आजारी पडतो, म्हातारा होतो आणि त्याला पिल्लं होतात. गेममध्ये पिल्लू झालं की ते विकता येई. म्हणजे चांगली निगा राखणाऱ्याला फुकटात माल मिळत राही आणि सुरुवातीची तंगी एकदा ओलांडली की पैशाची अडचण जवळपास संपे. आव्हान सगळं पहिल्या काही महिन्यांत, पुढे नुसती भर.

प्राण्यांना खऱ्या जगातही अशा किमती लागत होत्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जम्बो हा आपला लाडका आफ्रिकन हत्ती 1882 साली बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला 2,000 पौंडांना विकला. बातमी फुटताच मुलांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली आणि जम्बोला शेवटचं बघायला गर्दी लोटली. तीनच वर्षांनी कॅनडात आगगाडीच्या धडकेने तो मेला. हॅम्बर्गचे कार्ल हागेनबेक हे प्राण्यांचे मोठे व्यापारी. 1907 साली त्यांनी गजांच्या पिंजऱ्याऐवजी खंदकामागे मोकळे प्राणी दाखवणारी बाग उघडली. आजच्या गेममध्ये आपण जी देखणी आवारं सजवतो त्यांचे हागेनबेक हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मात्र तो बाजार पुढे आवळत गेला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार 1973 साली झाला आणि 1975 मध्ये लागू झाला. मोठी प्राणिसंग्रहालयं हळूहळू देवघेव आणि प्रजननासाठी उसने देणं या पद्धतीकडे वळली. पांड्याचं उदाहरण घ्या. चीन पांडा विकत नाही. अमेरिकेतल्या संग्रहालयांनी एका जोडीसाठी वर्षाला सुमारे 10 लाख डॉलर मोजले, आणि झालेलं पिल्लूही चीनच्याच मालकीचं. 2001 च्या 'झू टायकून'मध्ये मात्र पांडा एकदा पैसे भरले की कायमचा आपला होई. एकविसाव्या शतकात निघालेला गेम प्राण्यांच्या खरेदीपुरता जम्बोच्या काळात वावरत होता.

'झू टायकून'च्या 2004 साली आलेल्या दुसऱ्या भागात कीर्तीचे तारे आले. नाव मिळवल्याशिवाय दुर्मिळ प्राणी हाती लागेनात. खरी उडी घेतली ती ब्रिटनच्या फ्रंटियर कंपनीच्या 'प्लॅनेट झू'ने, नोव्हेंबर 2019 मध्ये. त्यात दोन वेगळी चलनं आहेत. बांधकाम, पगार आणि खाण्यासाठी रोख रक्कम, आणि बहुतेक मोठ्या प्राण्यांसाठी संवर्धनाचे गुण. हे गुण प्राणी जंगलात सोडून किंवा इतर खेळाडूंना देऊन मिळतात. प्रत्येक प्राण्याचा आकार, आयुर्मान, प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकार यांची नोंद दिसते आणि भावंडांत संकर झाला की हे आकडे घसरतात. प्राण्यांचे हाल झाले तर दारात निदर्शकही उभे राहतात. उत्पन्नाचा मोठा भाग तिकिटाऐवजी आवारापाशी ठेवलेल्या देणगीच्या पेट्यांतून येतो. विचार उत्तम होता, आणि तो मला मनापासून आवडला.

तरीही खेळाडूंच्या आपसातल्या बाजाराने आपलं केलंच. ज्यांच्याकडे गुण नव्हते त्यांनी रोखीने मिळणारे मोर आणि वॉर्टहॉग घेतले, त्यांची पैदास सुरू केली आणि पिल्लं बाजारात लोटली. थोड्याच दिवसांत या पिल्लांना कुणी विचारेना, आणि जिराफ-हत्ती मात्र नवख्याच्या आवाक्याबाहेर. गेममधला काळही इतका भरभर धावतो की एका कळपाची व्यवस्था लावेपर्यंत पुढची पिढी वयात येते. म्हणून प्राण्याच्या माहितीच्या चौकटीत गर्भनिरोधकाची सोय आहे. अनुभवी खेळाडू पैशाच्या तक्त्याआधी तीच चौकट उघडतात.

जास्तीच्या प्राण्यांचा प्रश्न खऱ्या संग्रहालयांनाही सुटलेला नाही. कोपनहेगनमध्ये फेब्रुवारी 2014 मध्ये मारियस नावाच्या निरोगी, तरुण जिराफाला मारण्यात आलं, कारण त्याची जनुकं युरोपातल्या प्रजनन कार्यक्रमात आधीच भरपूर होती. त्याचं मांस सिंहांना घातलं गेलं आणि जगभर संताप उसळला. गेममध्ये हेच ओझं एका बटणावर उतरतं. प्राणी जंगलात गेला, वर गुणही मिळाले. प्रत्यक्षात जंगलात सोडणं म्हणजे वर्षानुवर्षांची तयारी, जागेचा शोध आणि पुढची पाहणी. यातलं काहीही खेळाडूच्या खिशाला लागत नाही.

खेळाडू बऱ्याचदा मागणी करतात की प्राणी आणखी महाग करा, म्हणजे खेळ अवघड होईल. मला ती मागणी चुकीची वाटते. खरेदी महाग केल्याने फक्त सुरुवात लांबते. अवघड असायला हवं ते दहाव्या वर्षीचं खाणं, म्हाताऱ्या हत्तीचं औषधपाणी, रखवालदाराचा वाढलेला पगार आणि ज्याला कुठेच जागा नाही असं चौथं पिल्लू. पुढचा गेम बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: प्राणी वाटल्यास फुकट द्या, पण त्याच्या रोजच्या खर्चात सूट देऊ नका.